शेशेलच्या पाण्यात

१० नोव्हेंबर

शेठनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं सुट्टीचं काहीतरी. तर म्हणाले, "हेमाबेन, तुमची एक खोली रिकामीच असते ना?"

असते. सरावलीचा फ्लॅट घेतला तेव्हा वाटलं होतं, आय येऊन राहील. आली, जेमतेम दोन दिवस राहिली, "हितं दर्याचा आवाजच नाय, झोप कशी लागायची?" म्हणून दांडीला, गावी परत गेली. तेव्हापासून त्या खोलीत इस्त्रीचे कपडे राहतात.

तर सेशेल्सहून एक बाई येणार आहे. आपल्या सरकारने त्यांच्या तटरक्षक दलाला गस्तीच्या बोटी दिल्यात. एका बोटीचे पंप पावसाळ्यात आपल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होऊन गेले, खोक्यांवर पत्ता मीच चिकटवला होता. आता दुसऱ्या बोटीचे आलेत. बाई तिथे इंजिनावर काम करते. पंप खोलायचे-जोडायचे कसे ते शिकेल आणि दुरुस्त झालेले घेऊन जाईल. बोईसरच्या लॉजवर सगळे ठेकेदार, बाईमाणसाला तिथे कसं ठेवायचं, असं शेठचं म्हणणं.

हो म्हटलं. घरी येऊन मोबाइलवर नकाशा काढला. किनाऱ्यावरून हात खाली सरकवत गेले, सरकवत गेले, निळंच निळं. मग मुंग्यांएवढे ठिपके. आणखी मोठं केलं तर ठिपक्यांना झाडं फुटली.

१४ नोव्हेंबर

आली. नाव ज्योसलीन. उंच, काळीभोर, केसांच्या बारीक बारीक वेण्या, वय तिशीच्या आसपास. हात मात्र आपल्या फिटरसारखे, नखांत काळं. बॅग ठेवली नि आधी गॅलरीत गेली. हवा हुंगली. एमआयडीसीचा तो नेहमीचा आंबूस वास. तिने तोंड वळवलं, बरोब्बर पश्चिमेला, आणि विचारलं, "समुद्र तिकडे?"

हो म्हटलं.

"ऐकू येत नाही. मग तुम्ही झोपता कशा?"

मला हसू आलं. आय आठवली. तिला सांगायला इंग्रजी पुरेना.

१८ नोव्हेंबर

वर्कशॉपमध्ये पहिले दोन दिवस सगळे नुसते बघत होते. आज तिने बॉयलर सूट चढवला, पंपाशेजारी मांडी घालून बसली आणि रामशरणने पुढे केलेली तंबाखू नाकारून त्याच्याकडून पाना घेतला. संपलं. आता ती सगळ्यांची झाली. रामशरण मला येऊन म्हणतो, "मैडम, ये तो अपनी ही लड़की है, बस दूर से आई है।"

हिला लिहिताना ज्यो. म्हणते. पूर्ण नाव लिहायचा कंटाळा.

२३ नोव्हेंबर

रविवार. दांडीला नेलं.

आयने नाव विचारलं. सांगितलं. आय म्हणाली, "ज्योत्स्ना? चांगला नाव हाय." मी दुरुस्त केलं नाही. ज्यो.लाही आवडलं, दिवसभर स्वतःशीच म्हणत होती.

बोंबील वाळत घातले होते. बांबूच्या वलांड्यांवर ओळीने टांगलेले, खालून ऊन आरपार. ज्यो. त्यांच्यामधून चालत गेली, दोन्ही बाजूंना हात पसरून, बोटांनी हलकेच स्पर्श करत. देवळात घंटांना लावतात तसं. कितीतरी वेळ परत आली नाही. मी वाळूत बसून राहिले. भरती होती, पाणी चकाकत होतं, आणि मला क्षणभर वाटलं ही कुठे लांबून आलेलीच नाही. मीच इतकी वर्षं कुठे तरी गेले होते.

जेवताना आयने विचारलं, तुमच्याकडं काय खातात? ज्यो.ने सांगितलं, ऑक्टोपस, नारळाच्या रसात. आणि वटवाघूळ. मी भाषांतर करायला कचरले, पण केलं. आय घास हातात धरून बसली. मग म्हणाली, "लागतो कसा?"

आयच्या तांदळाच्या डब्यात ते काळं मोठं करवंटीसारखं भांडं असतं, दोन भागांचं. आजोबांना किनाऱ्यावर वाहत आलेलं सापडलं होतं. दर्याई नारळ म्हणतात त्याला. आम्ही लहानपणी त्याने तांदूळ मोजायचो. ज्यो.ने ते पाहिलं आणि ताटावरून उठली. हात न धुताच भांडं उचललं, छातीशी धरलं. म्हणाली, हे आमच्या दोनच बेटांवर येतं, जगात दुसरीकडे कुठेच नाही. हा तरंगत आला इथे? एकटा?

आय म्हणाली, "इचार तिला, झाड केवडा असतो."

निघताना दर्शनाने, म्हणजे माझ्या भावाच्या, जयेशच्या बायकोने, जयेशचा फोन आला का विचारलं. दिवाळीच्या आधी आला होता तोच. जयेश कोचीनच्या बोटीवर आहे, खोल पाण्यात जातात, महिना महिना रेंज नसते. इकडे मासळी राहिली नाही म्हणून गेला. मी आणि आयने केवढं सांगितलं होतं जाऊ नको.

२८ नोव्हेंबर

ज्यो.ला विचारलं, गस्तीवर तुम्ही नक्की करता काय? पूर्वी चाचे होते, म्हणाली. आता कमी झालेत. अमली पदार्थ घेऊन येणाऱ्या होड्या असतात. आणि मासे चोरायला येणारे.

"कुठले?"

"सगळीकडचे. श्रीलंका. इराण. तुमचेही येतात."

मी हसले. तीही हसली. चहा पिऊन झाला.

ती इंजिनखोलीत असते, त्यामुळे पकडलेल्या माणसांशी बोलणं तिचं काम नाही. पण वर आली की त्यांना पाव देते. म्हणे, काही जण रडतात, काही जण झोपून जातात, दिवसा, उन्हात. इतके दमलेले असतात.

तिचे वडील मासे धरायचे, बांबूचे पिंजरे लावून. आता पिंजरे रिकामे येतात. हे तिने कुणाला दोष देत सांगितलं नाही. पाऊस कमी झालाय, असं सांगावं तसं सांगितलं.

१ डिसेंबर

सकाळी अर्धवट झोपेत. समुद्राला तळाशी अंगण होतं. सारवलेलं, एकच, दांडीपासून थेट तिकडपर्यंत. आय एका टोकाला झाडत होती आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी बाई झाडत होती, दोघी एकमेकींकडे पाठ करून.

जाग आली तर ज्यो. खरंच गॅलरी झाडत होती. किती सांगितलं तरी ऐकत नाही.

४ डिसेंबर

हे लिहायला हवं म्हणून लिहिते.

सकाळी ज्यो. नाचतच स्वयंपाकघरात आली. हातात मोबाइल. त्यांच्या पहिल्या बोटीने, जिचे पंप आपण दुरुस्त करून पाठवले त्या बोटीने, रात्रभर पाठलाग करून एक चोरटी बोट धरली. पंप एकदाही तापले नाहीत. तिच्या मित्राने फोटो पाठवला होता. "तुमचं काम, हेमा! बघ!"

निळी बोट. डेकवर माणसं बसवलेली, पाठमोरी. शेवटचा माणूस उकिडवा, हनुवटी गुडघ्यांवर टेकवलेली.

जयेश लहानपणापासून असा बसतो. अभ्यासाला, जेवायला, बाबा गेले तेव्हा ओट्यावर. पण असे किती तरी लोक बसतात. मी फोटो मोठा केला. मोठा केल्यावर माणूस राहिला नाही, नुसते चौकोन चौकोन.

छान आहे, म्हटलं. डबा भरला. ऑफिसला गेले.

दुपारी दर्शनाचा फोन. कोचीनच्या बोटमालकाने कळवलं. बोट धरली, माणसं सुखरूप. "शेशेल का कायसा देश हाय ताई, तुमची ती बाई तिकडचीच ना?"

५ डिसेंबर

ज्यो.च्या आधी उठले. चहा केला, तिचा कप झाकून ठेवला.

६ डिसेंबर

शेठना काहीतरी कारण सांगून लवकर निघाले. सालवडच्या बाजूने चालत आले, पाय जातील तसे. रस्त्यावर कारखान्यांची वाफ, त्यात संध्याकाळचं ऊन, सगळं गुलाबी. लोक पाळी सुटून येत होते, डबे हातात, बोलत, हसत. त्यांच्यातून मी अशी चालत होते जशी पाण्याखालून. कुणाचाच आवाज माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

ती खोकी. त्यांच्यावर पत्ता. अंगठ्याने कोपरे दाबून दाबून चिकटवला होता, निघू नये म्हणून.

७ डिसेंबर

सांगितलं. ती भाजी चिरत होती. विळी नाही जमत तिला, सुरीनेच.

"त्या फोटोतला शेवटचा माणूस माझा भाऊ आहे."

सुरी खाली ठेवली. हात पुसले. मग तिने मोबाइल आणला, तो फोटो उघडला, आणि त्या पाठीकडे बघत राहिली. मला वाटलं आता माफी मागेल. मागितली असती तर मला सोपं गेलं असतं का? माहीत नाही.

म्हणाली, "मी बोटीवर असते तरी पकडलं असतं, हेमा. तुझा भाऊ आहे हे माहीत असतं तरी."

मी आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर नळ चालू झाला, बंद झाला. फोडणीचा वास आला. भाजी तिने पूर्ण केली. मीठ विसरली होती. दोघी जेवलो.

१० डिसेंबर

आयने निरोप धाडला, तिला घेऊन ये. दर्शनाचा निरोप, आणू नका.

नेलं.

आय वलांडीखाली बसून बोंबील उतरवत होती. दर्शना ज्यो.ला बघून आत गेली, दार आपटलं. आयने ज्यो.ला खुणेने खाली बसवलं, तिच्या मांडीवर टोपली दिली. काम करत करत मग प्रश्न. मी मधे.

"इचार तिला, जेवाया देतात का?"

देतात. भात, मासे, डाळ.

"मासली ताजी का?"

ताजी.

"मारला का त्याला?"

नाही.

"ही कशी सांगते? ही तं हितं हाय."

ज्यो.ने हे ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी पाहिलेलं नाही. ज्याने पाहिलं तो माझा मित्र आहे आणि तो मला खोटं सांगत नाही. एवढंच मला माहीत आहे.

आयला हे उत्तर पटलं असावं. टोपली भरली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली, जणू मला नाही, बोंबलांनाच सांगत होती. "गेल्या साली ते भाईरचे मोटे बोटवाले आले. दिवे लावून सगला दर्या पिऊन गेले. आमी बाया किनाऱ्यावर उभ्या राहून शिव्या देत होतो. आमच्या हातात अशी बोट असती तं आमी नसता का धरला? धरला असता. त्यांच्या आया पन अशाच बसल्या असत्या."

मी भाषांतर करायचं थांबले. ज्यो. म्हणाली, सांग ना, काय म्हणाल्या. सांगितलं.

आय उठून वलांडीच्या पलीकडे गेली. बोंबलांच्या ओळींमधून तिची पाठ दिसत होती. पदर तोंडाला लावलेला. ज्यो. उठायला लागली, मी तिचा हात धरून खाली बसवलं.

१६ डिसेंबर

ज्यो.ने मित्राला विचारून कळवलं. कोठडी नाही. बंदराजवळ एका घरात ठेवलंय, बाहेर पहारा. आपल्या वकिलातीचा माणूस भेटून गेला. खटला चालणार. तांडेलावर, बोट ज्याच्या हातात होती त्याच्यावर, तर नक्कीच, खलाशांचं अजून ठरत नाही.

तिकडची वेळ आपल्या दीड तास मागे. आता हे सारखं डोक्यात. मी दिवा लावते तेव्हा जयेशकडे अजून ऊन असतं. आपली संध्याकाळ इथून निघते आणि समुद्रावरून चालत चालत त्याच्याकडे पोचते. मी गॅलरीत उभी राहून तिला जाताना बघते.

२५ डिसेंबर

ज्यो.ला पालघरला चर्चमध्ये घेऊन गेले. रिक्षाने. उमरोळीजवळ भात कापून झालेली शेतं, कोवळं ऊन, बगळे. ती पूर्ण रस्ता बाहेरच बघत होती. घरची आठवण येत असणार.

मी मागच्या बाकावर. प्रार्थना मराठीत होती. तिला सूर ओळखीचा असावा, ती स्वतःच्या भाषेत म्हणायला लागली, मोठ्याने. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली, मग वळणं थांबलं. दोन भाषा एकाच चालीत. मी डोळे मिटले. मला त्यातलं काही मागता येत नव्हतं, कुणाकडे मागायचं तेही ठाऊक नव्हतं. नुसती ऐकत बसले. बरं वाटलं.

५ जानेवारी

दोन्ही देशांचे अधिकारी वर्कशॉप बघायला येणार, शुक्रवारी. रंगरंगोटी चाललीय. झेंडे आलेत, त्यांचा पाच रंगांचा, पंख्यासारखा पसरलेला. औक्षण मी करायचं आणि दोन शब्द बोलायचे, कारण इंग्रजीत बोलणारी बाई मीच.

संध्याकाळी शेठनी थांबवलं. त्यांना कळलंय. रामशरणला मी सांगितलं होतं, त्याने कुणाला, असं.

"हेमाबेन, तुमचं दुःख माझं दुःख. पण तिसऱ्या बोटीचं काम यायचंय. तिथे काही बोलू नका. एवढी माणसं आपल्याकडे काम करतात, त्यांचा विचार करा."

हात जोडले त्यांनी. मला हे नको होतं. रागावले असते तर मी ठरवू शकले असते.

७ जानेवारी

आज दिवसभर त्या माणसांचाच विचार. रामशरणची मुलगी नर्सिंगला आहे. वॉचमनकाका.

बोलणार नाही. ठरलं.

९ जानेवारी

बोलले.

लिहून नेलेले दोन शब्द म्हणून झाले. स्वागत, मैत्री, समुद्र आपल्याला जोडतो वगैरे. टाळ्या. खाली बसायचं होतं. त्यांचा अधिकारी समोर बसला होता, पांढरा गणवेश, केसही पिकलेले, कपाळावर मी लावलेलं कुंकू. तो माझ्याकडे बघून मान हलवत होता. तो इतका माणसासारखा दिसत होता की माझ्या तोंडून निघालंच, "सर, माझा भाऊ तुमच्याकडे आहे. पकडलेल्या बोटीवर होता. मी त्याला सोडा म्हणत नाही. आईला त्याचा आवाज ऐकायचाय."

शेठ पायाकडे बघत होते. मला समोरचं सगळं लांब लांब दिसायला लागलं, दुर्बीण उलटी धरल्यासारखं.

आपल्या बाजूचा अधिकारी उठला, काहीतरी सारवासारव करणार होता. पण त्या म्हाताऱ्याने त्याच्या हातावर हात ठेवला. मला विचारलं, भावाचं नाव काय? सांगितलं. त्याने दोनदा म्हणून बघितलं, जयेश, जयेश. म्हणाला, खटल्याबद्दल मी काही बोलू शकत नाही, ते न्यायालयाचं काम. फोनचं बघतो.

भिंतीशी ज्यो. उभी होती, आज पहिल्यांदाच गणवेशात, ताठ. रडत होती की काय कळलं नाही. गणवेशात माणूस ओळखू येत नाही.

१० जानेवारी

शेठनी मान फिरवली. समोरून गेले. रामशरणही थोडा लांबच.

१३ जानेवारी

फोन आला! दांडीलाच होतो सगळे, ज्यो.ने आधी सांगून ठेवलं होतं. आधी आय बोलली, म्हणजे बोललीच नाही, नुसतं "हां, हां" करत होती आणि मोबाइल कानाला इतका दाबून धरला होता की कान लाल. मग दर्शना घेऊन आत गेली. शेवटी मी.

"ताय, आवाज येतो?"

येतो रे.

"आमाला ठावं होतं ताय. तांडेल बोलला, थोडा आत जायाचा, मासली तिकडंच हाय. आमच्यातला कोन नको बोलला नाय. मी पन नाय."

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"हितला पानी येगला हाय. तल दिसतो. आपल्याकडं कवा तल दिसला? पयल्यांदा खाली बघितला नि घाबरलो. वाटला बोट हवेत उभी हाय." मग हसला. "त्यांच्या बोटीवर एक खोका होता, त्याच्यावर बोईसर लिवलेला! मी त्यांना बोलत होतो, माझा गाव, माझा गाव. त्यांना वाटला मी येडा झालो."

खोकं मी पाठवलं हे सांगायला तोंड उघडलं. लाइन गेली.

दर्शनाने बाहेर येऊन ज्यो.च्या पुढ्यात चहा ठेवला. मान खालीच. बशी मात्र ठेवली, पाहुण्यांना देतो ती.

१७ जानेवारी

पंप चाचणीला लावले. अडचण नाही. खोक्यांत भरले. कोपरे आज ज्यो.ने दाबले.

शेठ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "तिसऱ्या बोटीचं अजून काही कळवलेलं नाही त्यांनी." मला वाटलं आता ठपका ठेवतील. "हेमाबेन, माझा धाकटा कॅनडाला आहे. पंधरा दिवस फोन नाही केला तर ही माझी बायको जेवत नाही." आणि गेले. राग गेलाय की नाही, कळत नाही. थोडा गेलाय.

१९ जानेवारी

ज्यो. गेली.

आयने बोंबील बांधून दिले होते, चार पिशव्यांत एकात एक, तरी वास. "ह्यातले अर्दे तुजे, अर्दे त्याचे." ज्यो. म्हणाली, विमानात नेऊ देतील का माहीत नाही. नेले तरी त्याला देऊ देतील का माहीत नाही. भेटायला परवानगी मागेन. मिळेलच असं म्हणत नाही. प्रत्येक गोष्टीत माहीत नाही, माहीत नाही. आधी मला राग यायचा या तिच्या बोलण्याचा. आता तिचंच बोलणं तेवढं खरं वाटतं.

गाडीत बसताना मिठी मारली. बॉयलर सूटचा ग्रीसचा वास अजून होता. मी म्हटलं, पुन्हा हद्दीत कुणी आलं तर? म्हणाली, "तर इंजिन नीट चालायला हवं."

खोली तशीच ठेवलीय. इस्त्रीचे कपडे कपाटात कोंबले.

२३ जानेवारी

घरात कुणी नाही हे पुन्हा शिकावं लागतंय.

पहाटे मला समुद्र ऐकू आला. सरावलीत! उठून गॅलरीत गेले. वारा पश्चिमेचा, कारखाने बंद असावेत. बराच वेळ येत होता. की माझ्या कानातलंच रक्त ते? काही असो, मी उभी राहिले उजाडेपर्यंत.

१ फेब्रुवारी

ज्यो.चा निरोप. पोचली, पंप बसवले, बोट पाण्यात. बोंबील विमानतळावर काढून घेतले. जयेशला भेटली, एकदाच, थोडा वेळ. आधी तो तिच्याशी बोलायलाच तयार नव्हता, भिंतीकडे तोंड करून बसला. तिने त्याला आमच्या घराचे, आयचे, बोंबलाच्या वलांड्यांचे फोटो दाखवले. त्याने मोबाइल हातातून घेतला आणि परत देईना. पहारेकऱ्याला मागावा लागला.

सुनावणी पुढे ढकलली. तांडेलाला शिक्षा होईल असं वाटतं. खलाशांना घरी पाठवतील, कदाचित. कसं, कधी, त्याची कागदपत्रं दोन्ही सरकारांकडे फिरतायत.

दर्शनाने विचारलं, "आला तं पुन्ना जाईल का ताई तो?"

मला काय माहीत. इकडे दर्या तसाच रिकामा आहे.

१२ फेब्रुवारी

शेठ सकाळी आपणहून टेबलाशी आले. त्या दिवशी आलेल्या आपल्या अधिकाऱ्याचा त्यांना फोन आला होता. आपल्या नौदलाचं जहाज मुंबईहून निघालंय, सेशेल्सला, त्यांच्या दलाबरोबर कवायत करायला. ठरलेलीच आहे, याच्याशी संबंध नाही. पण तोपर्यंत खलाशांची कागदपत्रं झाली तर परत येताना त्यांना जहाजावर घ्यावं अशी विनंती केलीय. विनंतीच. नक्की काही नाही, बेनला आशा लावू नका, असंही म्हणाले म्हणे. पण शेठनी मला सांगितलंच.

ज्यो.ला कळवलं. तिला जहाज येणार हे माहीत होतं. त्यांची बोट पुढे जाऊन आपल्या जहाजाला बंदरात आणणार आहे. इंजिनखोलीला रंग देतेय म्हणाली. बाकीचं तिला ठाऊक नाही.

संध्याकाळी दांडीला गेले. ओहोटी. पाणी इतकं मागे गेलेलं की किनारा संपतच नव्हता. ओल्या वाळूत आकाश उतरलं होतं, आय त्यातून चालत होती, पायाखाली ढग. तिच्याबरोबर मीही गेले पाण्यापर्यंत. तिथे तिला सगळं सांगितलं, हळूहळू, आशा लागू नये अशा बेताने.

आय लांब बघत राहिली. जहाज इथून दिसणं शक्य नाही, कधीच दक्षिणेला गेलं असेल.

"आपली बोट त्याला आनाया गेली?"

"नाय गो आय. त्याला आनाया नाय गेली. कवायतीला गेलीय."

आयने लुगडं थोडं वर धरलं. लाट आली, घोट्यापर्यंत, परत गेली.

"पन तिकडंच गेली ना," म्हणाली.